विश्लेषण : गाडीचे आयडलिंग आता मेकॅनिकच्या हातात का राहिले नाही?

भोसरी, मोशी, चिखलीकडून चाकण एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या दुचाकीस्वाराला पुणे-नाशिक महामार्गाने एक गोष्ट पक्की शिकवली आहे : गाडी चालू ठेवून जागेवर उभे राहणे. तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौकातली कोंडी सुटेपर्यंत इंजिन ‘आयडल’वर फिरत राहते. या वेळी इंजिनला किती पेट्रोल मिळावे, हे पूर्वी कार्बुरेटरवरचा एक छोटा पितळी स्क्रू ठरवायचा आणि तो स्क्रू किती फिरवायचा, हे नाक्यावरचा मेकॅनिक कानाने ठरवायचा. आता हा निर्णय ईसीयू, म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट नावाची एक बंद पेटी घेते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून साधा कार्बुरेटर जवळपास हद्दपार झाला. हा बदल हवेसाठी, खिशासाठी आणि इंजिनसाठीही चांगला होता. मात्र त्याचा एक भाग अर्धवट राहिला आहे. ज्या पट्ट्यात या गाड्या बनतात, त्याच पट्ट्यातल्या गॅरेजांना त्या दुरुस्त करण्याची साधने आणि माहिती पुरेशी मिळालेली नाही.

आयडलिंग आणि मिश्रण म्हणजे काय?

ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला, गाडी न्यूट्रलमध्ये आणि इंजिन मात्र चालू, ही आयडलची अवस्था. दीडशे सीसीच्या आसपासच्या दुचाकीत इंजिन त्या वेळी मिनिटाला साधारण १४०० फेरे घेते. या अवस्थेत इंजिन स्वतःचे घर्षण सांभाळण्यापुरती आणि बॅटरी चार्ज ठेवण्यापुरतीच ताकद तयार करते.

मिश्रण म्हणजे हवा आणि पेट्रोलचे प्रमाण. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ होते : प्लग काळा पडतो, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण ‘लीन’ होते : इंजिन मिसिंग करते, तापते, सिग्नलला उभे असताना बंद पडते.

आयडलवर हे प्रमाण सांभाळणे सर्वांत अवघड असते. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असल्याने आत येणारी हवा अगदी थोडी असते आणि मागच्या स्फोटातला जळका वायू सिलिंडरमध्ये काही प्रमाणात उरलेला असतो. अशा वेळी थोडासा फरकही लगेच जाणवतो. म्हणूनच कार्बुरेटरच्या गाड्या आयडलवर मुद्दाम किंचित रिच ठेवल्या जात. गाडी बंद पडली नाही, ग्राहक खूश झाला, धूर मात्र मागच्याच्या नाकात गेला.

कानाने होणारे ट्युनिंग

कार्बुरेटरला वीज लागत नाही. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने बारीक जेटमधून पेट्रोल वर येते आणि हवेत मिसळते. आयडलसाठी त्यावर दोन स्क्रू असतात. एक थ्रॉटल किती उघडा राहील ते ठरवतो, दुसरा मिश्रण. मेकॅनिक गाडी गरम करतो, पहिल्या स्क्रूने रेस जरा वाढवतो, मग दुसरा स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत मोकळा कुठे लागतो ते ऐकतो आणि शेवटी रेस पुन्हा खाली आणतो. हातात स्क्रूड्रायव्हर, बाकी सगळे काम कानाचे. हे कसब हलके नव्हते. निगडीपासून दिघीपर्यंतच्या कित्येक गॅरेजांचे नाव याच कानावर झाले.

पण त्या कसबाला मर्यादा होती, कारण सेटिंग एकदाच व्हायचे आणि परिस्थिती रोज बदलायची. डिसेंबरच्या पहाटे चोक ओढावा लागे. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात जुळवलेली गाडी १३५० मीटरच्या महाबळेश्वरला गेली की रिच चाले, कारण वर हवा विरळ असते आणि कार्बुरेटरला त्याचा पत्ता नसतो.

इंजेक्शन काय वेगळे करते?

फ्युएल इंजेक्शनमध्ये टाकीतला विजेचा पंप पेट्रोलला दाब देतो. दुचाकीत हा दाब साधारण तीन बारच्या आसपास असतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक झडप. ती किती वेळ उघडी ठेवायची, एवढाच ईसीयूचा मुख्य निर्णय असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल लागते, म्हणजे १४०० फेऱ्यांच्या आयडलला इंजेक्टर मिनिटाला ७०० वेळा उघडतो. प्रत्येक वेळी तो दोन मिलिसेकंद उघडा राहतो असे धरले, तर कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचा इंजेक्टर मिनिटाभरात जेमतेम १.४ सेकंद उघडा असतो. चूक इथे मिलिसेकंदाच्या काही भागांत मोजली जाते.

हा निर्णय घेण्यासाठी ईसीयूला सेन्सर माहिती देतात : इंजिनचा वेग, थ्रॉटलची स्थिती, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान, इंजिनचे तापमान. सायलेन्सरच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूत प्राणवायू उरला आहे की नाही, ते तो सांगतो. मिश्रण रिच असेल तर त्याचा व्होल्टेज ०.९ च्या जवळ जातो, लीन असेल तर ०.१ कडे उतरतो. ईसीयू त्यावरून पेट्रोल थोडे कमी, थोडे जास्त करत राहते. स्वयंपाक करताना मीठ चाखत राहावे तसे हे काम सेकंदाला अनेकदा चालते. गार इंजिनात मात्र हा सेन्सर जागा झालेला नसतो, म्हणून सुरुवातीची मिनिट-दोन मिनिटे ईसीयू ठरलेल्या तक्त्यावरून जरा जास्त पेट्रोल देते. चोकची दांडी गेली ती यामुळे.

आयडलचा वेगही ईसीयूच राखते. थ्रॉटल बंद असताना हवेला जायला एक आडवाट ठेवलेली असते आणि बहुतेक गाड्यांत तिच्यावर छोटी मोटर किंवा झडप असते. हेडलाइटचा भार वाढला, इंजिन जरा दबले, की ही झडप थोडी उघडते.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर सायलेन्सरमध्ये आहे. तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही विषारी द्रव्ये एकदम कमी करू शकतो. पण मिश्रण त्या १४.७ च्या अगदी लगत असेल तरच. कानाने जुळवलेला स्क्रू ही अट दिवसभर पाळू शकत नाही. बीएस-६ नंतर कार्बुरेटर टिकला नाही त्याचे खरे कारण हे आहे. काही स्वस्त गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडून तो काही काळ तगवला गेला, इतकेच.

पल्सरची उलटी वाट

या पट्ट्याने इंजेक्शन पहिल्यांदा २०२० मध्ये पाहिले, असे मात्र नाही. हीरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आणली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय बाजारात आणली. कंपनीची सर्वांत वेगवान गाडी आणि तिला इंजेक्शन, हा त्या काळात मोठा डाव होता. पण २००९ मध्ये तीच पल्सर २२० पुन्हा आली ती कार्बुरेटर लावून. किंमत उतरली आणि ताकद सुमारे २० पीएसवरून २१ पीएसवर गेली. पुढची दहा-अकरा वर्षे कार्बुरेटरची ती २२० रस्त्यांवर धावली आणि बीएस-६ आल्यावर तिला पुन्हा इंजेक्शन लागले.

हा इतिहास गमतीचा वाटतो, पण त्यातून एक गोष्ट दिसते. इंजेक्शन ग्राहकाने मागितले म्हणून आले नाही. ग्राहकाला स्वस्त, जोरदार आणि कोपऱ्यावर दुरुस्त होणारी गाडी हवी होती, आणि २००९ मध्ये बाजाराने तिलाच कौल दिला. इंजेक्शन आले ते उत्सर्जनाच्या नियमांमुळे. दरम्यान चाकणच्याच कारखान्यातून २०१२ पासून केटीएम २०० ड्यूक इंजेक्शनसह बाहेर पडत होती. म्हणजे तंत्र हाताशी होते, सक्ती नव्हती.

सुट्या भागांच्या कारखान्यांनी हा बदल मुकाट्याने पचवला. चाकणच्या केहिन एफआयईची ओळख कार्बुरेटरची. जपानमधली मूळ केहिन कंपनी २०२१ मध्ये हिताची ॲस्टेमोत विलीन झाली आणि आता तिथली भाषा इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी आणि ईसीयूची आहे. कारखान्याला नवे यंत्र, नवे प्रशिक्षण, नवे कंत्राट मिळाले. कारखान्यापासून दोन किलोमीटरवर पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या मेकॅनिकला यातले काय मिळाले?

मग इंजेक्शनची गाडी सिग्नलला बंद का पडते?

कारण नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असले, तरी हवा आणि पेट्रोल जुन्याच नळ्यांतून येतात. मोशी-चाकण रस्त्यावरची धूळ आणि एअर फिल्टर वेळेवर न बदलण्याची सवय एकत्र आली की थ्रॉटल बॉडीत काळा थर जमतो. आयडलची आडवाट आधीच अरुंद असते, ती आणखी बारीक होते. इंजेक्टरच्या तोंडाशी कचरा बसला की पेट्रोलचा फवारा न पडता धार पडते. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली की जादा हवा शिरते आणि रेस आपोआप वर-खाली होऊ लागते. बॅटरी मरगळली असेल तर पंपाचा दाबच पुरत नाही. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की टाकीतला पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो.

ईसीयू यातले बरेच दोष सुरुवातीला पोटात घालते. हवा जास्त आली तर ते पेट्रोल वाढवते, आडवाट तुंबली तर झडप जास्त उघडते. मालकाला काही कळत नाही. भरपाईची मर्यादा संपली की एक दिवस गाडी आयडलला टिकेनाशी होते, आणि तोवर ॲव्हरेजही घसरलेले असते.

इथे जुने कसब उलटते. आयडल पडते म्हटल्यावर मेकॅनिकचा हात सवयीने थ्रॉटल बॉडीवरच्या स्टॉप स्क्रूकडे जातो. कारखान्यात हा स्क्रू जुळवून त्यावर रंगाचा ठिपका लावलेला असतो, म्हणजे ‘याला हात लावू नका’. तो फिरवला की रेस वाढते, मालक समाधानाने घरी जातो. पण थ्रॉटल आता पूर्ण बंद होत नाही, सेन्सरचा शून्य बिंदू सरकतो आणि आपण आयडलवर आहोत हेच ईसीयूला कळेनासे होते. मग आयडल राखणारी व्यवस्था कामालाच लागत नाही. आठवड्याने गाडी परत येते. दोष मेकॅनिकच्या बुद्धीचा नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, आत एक कोड साठवलेला आहे आणि तो वाचायचे साधन त्याच्याकडे नाही, हा दोष आहे.

पीयूसी आणि मिश्रणाचा संबंध

पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी आयडलवरच होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ नुसार, एप्रिल २००० नंतरच्या चार स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम अशी सैल मर्यादा दिली गेली. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल मोटारींना हीच मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. कार्बुरेटरच्या काळात पीयूसीआधी मिश्रणाचा स्क्रू लीन करायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि बाहेर येऊन तो पुन्हा मागे फिरवायचा, ही युक्ती सर्वांना ठाऊक होती. इंजेक्शनच्या गाडीत ती चालत नाही. अशा गाडीचा आकडा वाढला तर कुठेतरी खरा बिघाड आहे. म्हणून पीयूसीची पावती नुसती पाकिटात न ठेवता मागच्या पावतीशी ताडून पाहणे हा फुकटातला निदानाचा उपाय आहे. आकडे मर्यादेत असूनही दुप्पट झाले असतील, तर ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजेक्टर तपासायची वेळ आली आहे.

ई-२० ने गणित पुन्हा बदलले

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते : एका ग्रॅमला सुमारे ९ ग्रॅम. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी योग्य प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. सोप्या भाषेत, तेवढ्याच हवेला आता जास्त इंधन द्यावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक ओळखून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवते. जुनी कार्बुरेटरची गाडी काहीच ओळखत नाही. ती लीन चालते, सकाळी लवकर सुरू होत नाही, आयडलला थरथरते. तिच्यासाठी मात्र तो जुना स्क्रू आणि जुना कान अजून उपयोगी आहेत.

मिश्रण जुळले तरी ऊर्जा कमीच मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर ३ ते ४ टक्क्यांनी, तर तशाच मोटारींचे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. उसाच्या पट्ट्याला इथेनॉलचा फायदा झाला, हे महाराष्ट्रात कोणी नाकारणार नाही. पण पंपावर त्याची स्पष्ट पाटी नसल्याने ॲव्हरेज पडल्याचा राग सर्वप्रथम गॅरेजवाल्यावर निघतो. गाड्यांचे रबर, सील आणि पंप यांचा प्रश्न ईसीयू सोडवू शकत नाही, तो वेगळाच.

कोड कोणाच्या मालकीचा?

बीएस-६ दुचाकींत बिघाड ओळखणारी ओबीडी व्यवस्था सक्तीची आहे. तिचा पुढचा, जास्त कडक टप्पा एप्रिल २०२३ पासून आला आणि त्यानंतरचा एप्रिल २०२५ पासून. म्हणजे गाडी स्वतःच आपले दुखणे नोंदवून ठेवते. ते वाचता मात्र सर्वांना यायला हवे. मोटारींत १६ पिनांचा एकसारखा सॉकेट असतो, स्वस्त स्कॅनरही बऱ्याच गोष्टी दाखवतो. दुचाकींत सॉकेट, कोडांचे अर्थ आणि सेन्सर बदलल्यावर करायचे ‘रिसेट’ यांत कंपनीगणिक फरक आहे.

हा वाद जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. त्या यादीत टाटा मोटर्स, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, फियाट आणि जनरल मोटर्स ही नावे होती. पिंपरी, चाकण, रांजणगाव आणि तळेगावचा नकाशाच म्हणायचा. प्रकरण पुढे अपिलांत गेले. दुचाकी कंपन्या त्या प्रकरणात नव्हत्याच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टलवर सेवा केंद्राचा पत्ता मिळणे आणि कोडाचा अर्थ मिळणे यांत फरक आहे.

कंपन्यांचा आक्षेप पूर्ण खोटा नाही. ईसीयू उघडे केले तर लोक मॅप बदलतील, फटाके फोडणारे सायलेन्सर लावतील, उत्सर्जनाचे नियम धाब्यावर बसतील, असे त्या म्हणतात. पण कोड वाचणे आणि मॅप बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले खुले ठेवून दुसऱ्याला कुलूप लावता येते. तसे न करण्यामागे प्रदूषणाची काळजी किती आणि सर्व्हिस सेंटरच्या उत्पन्नाची किती, असा प्रश्न विचारायला जागा आहे. उलट, कोड न वाचता फिरवलेला स्टॉप स्क्रू आणि अंदाजाने बदललेला सेन्सर यांनीच जास्त धूर होतो.

वेळही महत्त्वाची आहे. बहुतेक दुचाकींची वॉरंटी पाच वर्षांची असते. २०२० मध्ये घेतलेल्या पहिल्या बीएस-६ गाड्या त्यातून बाहेर पडल्या आहेत आणि कंत्राटी कामगाराची अशी गाडी यापुढे अधिकृत सर्व्हिस सेंटरला नाही, तर चिखली-तळवडेच्या गॅरेजात जाणार आहे. तिथल्या मेकॅनिकला स्कॅनर आणि चार आठवड्यांचे संध्याकाळचे वर्ग देणे या पट्ट्याला अशक्य नाही. मोरवाडीत महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे, भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, वाहनांना उत्सर्जनाचे प्रमाणपत्र देणारी एआरएआय पुण्यातच आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधीही इथेच खर्च होतो. त्यातला काही भाग वृक्षारोपणाच्या फलकांऐवजी दहा बाकांच्या इंजेक्शन प्रयोगशाळेवर खर्च झाला, तर त्याचा परिणाम चाकण चौकातल्या हवेत मोजता येईल.

तोवर मालकाच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. पिवळा दिवा लागला असेल तर बॅटरीची वायर काढून तो ‘घालवू’ देऊ नये. तसे केल्याने काही गाड्यांतला साठवलेला कोड पुसला जातो आणि खरा माग हरवतो. आयडलची तक्रार घेऊन गेल्यावर आधी एअर फिल्टर, बॅटरी आणि थ्रॉटल बॉडीची सफाई, मग बाकीचे, असा क्रम धरावा. रंगाचा ठिपका असलेल्या स्क्रूला हात लागणार असेल तर गाडी परत न्यावी. आणि खंडाळ्याच्या उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याची सवय सोडावी. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या पेट्रोल पूर्ण तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलचे पेट्रोल जळतच राहते.